ब्रेकवरचा पाय

रिक्षा सुरू करण्याआधी काका मान खाली घालायचे. मागे तीन माणसं बसली, पुढे त्यांच्या शेजारी चौथा टेकला, की हँडलवर दोन्ही हात ठेवून ते आपल्या पायांकडे बघत, क्षणभर तसेच राहत आणि मग वर बघून म्हणत, "निवांत बसा." शेअर रिक्षात निवांत बसायला किती जागा असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण ते प्रत्येक फेरीला म्हणायचे, आणि आम्ही बसायचो.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. काम सुरू करताना कोणी गल्ल्याला हात लावून कपाळाला लावतं, कोणी दुकानाच्या उंबऱ्याला वाकतं. आम्हाला वाटायचं, काका गाडीला नमस्कार करतात. माझी शेजारीण एकदा कुजबुजली, "मूर्ती वर काचेपाशी, आणि हे नमस्कार खाली करतात." काचेपाशी बुद्धाची लहानशी पांढरी मूर्ती चिकटवलेली होती. काकांना ऐकू गेलं असावं. ते नुसते हसले आणि रिक्षा काढली.

मी बदलापूरला राहायला आले तेव्हा हेंद्रेपाड्यात निम्म्या इमारतींत माणसं आली होती आणि निम्म्यांचे सांगाडे उभे होते. रस्त्याच्या कडेला जिकडेतिकडे वाळूचे आणि खडीचे ढीग. उल्हासनगरला पडद्याच्या कापडाच्या एका दुकानात मी बिलं करायची. संध्याकाळी स्टेशनबाहेर आले की आधी काकांची रिक्षा लागली आहे का ते बघायची. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. रिक्षा सगळ्या सारख्याच होत्या. पण दिवसभर दुकानात "मॅडम, जल्दी करो" ऐकून आल्यावर कोणीतरी निवांत म्हणणारं भेटलं की बरं वाटायचं.

ते मूळचे सातारा बाजूचे. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी रिक्षा घेतली. राहायला मांजर्लीत, नदीच्या अंगाला, चाळीतल्या दोन खोल्या. घरी बायको आणि कॉलेजला जाणारी मुलगी. स्टँडवरचे सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून आम्हीही काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू. "काय काका, कसं काय?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "निवांत." पोट बिघडलेलं असलं तरी निवांत, गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये पडून असली तरी निवांत. काकू एकदा मला म्हणाल्या, "यांच्या घराला आग लागली तरी हे आधी चहा पितील."

साखर आहे हे त्यांना कारखान्यात असतानाच कळलं होतं. त्याबद्दल ते चष्म्याच्या नंबराबद्दल बोलावं तसं बोलत. "आपल्याला शुगर हाय" म्हणायचे आणि टपरीवरून चहा घ्यायचे. गोळ्या खाकी शर्टाच्या खिशात असत. आठवल्या की घेत. होळीच्या सुमाराला उल्हासनगरात सिंधी मिठाईवाल्यांकडे घीयर मिळतो, जिलेबीसारखाच, पण ताटाएवढा. काका मला तो आणायला सांगत. "पोरांसाठी," म्हणत.

पोरं म्हणजे ते रोज सकाळी शाळेत सोडायचे ती. माझी मनू त्यांतलीच, दुसरीत होती. काका घीयर मोडून एकेकाच्या हातावर तुकडा ठेवत आणि उरलेला, सगळ्यांत मोठा, स्वतः खात. मनू घरी येऊन सांगायची, "काकूंना सांगायचं नाही असं काका म्हणाले."

अशीच एकदा मनूने बातमी आणली. हसत हसतच आली. "आई, काकांची चप्पल रस्त्यात पडली आणि त्यांना कळलंच नाही. शाळेत पोचल्यावर आम्हीच सांगितलं." परतताना काकांना ती वाटेत मिळाली होती, पाण्याच्या टाकीजवळ, रस्त्याच्या अगदी मध्ये. संध्याकाळी मी विचारलं तर तेही हसले. "तिला फिरायला जायचं असंल," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मागे पट्टा असलेल्या सँडल घालायला सुरुवात केली. मला वाटलं, शहाणपणा केला.

मग कधीतरी काकूंकडून कळलं की त्यांचे पाय जळजळतात. झोपेत चादर लाथाडतात, उठून मोरीत थंड पाणी ओततात, ओल्या फरशीवर पाय टेकून भिंतीला बसून राहतात. हे वर्षभर चाललं होतं. मग ते थांबलं आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. एक दिवस रिक्षात मी एकटीच होते. काका पुढे बघत म्हणाले, "ताई, आता जळजळ नाय. नुसतं गादीवर उभं ऱ्हायल्यासारखं वाटतं. जमीन जरा लांब गेलीय."

"डॉक्टरला दाखवलंत का?"

"दुखत नाय तर काय दाखवू?"

आमच्या सगळ्यांचा हिशोब असाच असतो. दुखलं की डॉक्टर, दुखायचं थांबलं की बरं झालं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मनूच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. मी दुकानात उशिरा येते म्हणून कळवलं आणि काकांच्या रिक्षात मुलांबरोबरच बसले. मांडीवर दोन दप्तरं, पायांशी पाण्याच्या बाटल्या. शाळेच्या अलीकडे थोडा उतार आहे. काकांनी वेग कमी केला नाही. मला वाटलं, पुढे वळून थांबवणार असतील. पण रिक्षा फाटकासमोरून सरळ गेली आणि पलीकडच्या इमारतीच्या वाळूच्या ढिगात शिरून थांबली. मुलं एकमेकांवर आदळली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. दोघं-तिघं तर हसायला लागली, त्यांना गंमत वाटली.

काका उतरले नाहीत. खाली बघत होते. मीही वाकून बघितलं. त्यांचा उजवा पाय ब्रेकच्या शेजारी, मोकळ्या पत्र्यावर होता. त्यांनी तो सगळा जोर देऊन दाबून धरला होता. नडगी थरथरत होती.

रिक्षात पायाला एवढं एकच काम असतं. बाकी सगळं हातांत.

मग ते उतरले. एकेका मुलाला खाली घेतलं, बुटांतली वाळू झटकली, सगळ्यांना फाटकाशी नेऊन सोडलं. परत येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"ताई, तुमी बघितलं?"

"हो."

"मला वाटलं ब्रेकवरच हाय."

तेव्हा मला त्यांचं ते मान खाली घालणं कळलं. तो नमस्कार नव्हता. पाय कुठे आहे ते डोळ्यांनी बघून ते ठेवत होते. एकदा ठेवला की चालवताना तो तिथेच असेल असं धरून चालत होते. आणि असायचाही, त्या दिवसापर्यंत.

त्याच संध्याकाळी ते घरोघरी गेले. प्रत्येक पालकाला सांगितलं की उद्यापासून मुलांना मी नेणार नाही, दुसरा माणूस बघून दिला आहे, चांगला आहे. आमच्याकडे आले तेव्हा समोरच्या घरातले गृहस्थही दारात आले. त्यांचा मुलगा त्याच रिक्षात होता. अर्ध्या वर्षात हा बदल कशाला, असं त्यांचं म्हणणं.

"काका, वाळूतच तर गेली ना? कोणाला काही झालं का? एवढं काय मनावर घेता?"

"मनावर नाय घेत," काका म्हणाले. "माझा पाय मला काय सांगत नाय, साहेब. मी तुमच्या पोराला कसा नेऊ?"

मी पाणी विचारलं. काका नको म्हणाले, अजून चार घरं राहिली होती. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता आणि प्रत्येक पायरीला खाली बघत होते. मी दारात उभी राहून ते पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत बघत राहिले.

काकूंनी मग त्यांना दवाखान्यात नेलंच. तिथलं सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं, भाजी निवडता निवडता, सरळ आवाजात. तरुण डॉक्टरीण होती. तिने काकांना खाटेवर आडवं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या ताठ दोऱ्याने तळव्याला टोचायला लागली. टोचलं की हो म्हणायचं, एवढंच. काकू शेजारी उभ्या होत्या. दोरा अंगठ्याला टेकत होता, वाकत होता. टाचेला, बोटांना, दोन्ही पायांना. काका डोळे मिटून, लक्ष देऊन पडले होते. शेवटी म्हणाले, "करा की सुरू, डॉक्टर."

"झालं, काका," ती म्हणाली.

काकूंनी एवढं सांगितलं आणि मेथीची जुडी सोडायला घेतली. साखरेने नसा गेल्या होत्या. गेलेल्या परत येत नाहीत, आहेत त्या सांभाळा, पाय रोज बघत जा, अनवाणी फिरू नका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. घरी आल्यावर काकांनी रिक्षा एका ओळखीच्या मुलाला चालवायला दिली. स्वतः स्टँडवर उभे राहून लाइन लावायला लागले. "मांजर्ली, हेंद्रेपाडा, एक सीट, एक सीट." आवाज चांगला होता. नवीन माणसाला वाटायचं, हेच स्टँडचे मालक. टपरीवरचा चहा बिनसाखरेचा झाला. पहिल्या घोटाला तोंड वाकडं करत आणि मग कप रिकामा करत.

पुढच्या जुलैत नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं. बदलापूरच्या माणसाला त्या पावसाचं वर्णन करून सांगावं लागत नाही. काकांच्या चाळीत छपराच्या पन्हाळीपर्यंत पाणी आलं. त्याआधीच ते तिघं निघाले होते आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालत आमच्याकडे आले. आमचा दुसरा मजला. काकूंच्या डोक्यावर कपड्यांचं गाठोडं, मुलीच्या हातात कॉलेजची पुस्तकं, आणि काकांच्या हातात रिक्षातली बुद्धाची मूर्ती. रिक्षा बुडाली होती. सँडल पाण्यात कुठेतरी निघून गेल्या होत्या.

मी त्यांना कोरडे कपडे दिले. वीज नव्हती. गॅसवर पिठलं टाकलं. सगळे हॉलमध्ये बसलो होतो आणि काका गॅलरीत जाऊन पाणी किती चढलं ते बघून येत होते. तेवढ्यात मनू म्हणाली, "आई, फरशीवर लाल काय आहे?"

आमची फरशी पांढरी होती. गॅलरीपासून हॉलपर्यंत रक्ताचे ठसे उमटले होते.

काकांनी बघितलं आणि तेच आधी घाबरले. "कुणाला लागलं? बघा बरं." त्यांनी मनूला जवळ ओढलं, खाली बसवलं, तिचे दोन्ही तळवे उलटून बघितले. मग आपल्या मुलीला म्हणाले, "पाय दाखव." मग काकूंना. काकूंनी पाय दाखवला नाही. त्या काकांच्या पायांकडे बघत होत्या.

"तुमचाच आहे," त्या म्हणाल्या.

काका खुर्चीवर बसले. मी टॉर्च धरला. डाव्या तळव्यात काच होती, बाटलीचा जाड तुकडा, आत रुतून बसलेला. काकूंनी तो काढला तेव्हा काका तोंड पुढे करून बघत होते, दुसऱ्याच कोणाचा पाय असावा तसे. "येवढा हाय व्हय?" असं म्हणाले. मनू रडायला लागली. तिला ते बघवेना. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "दुखत नाय गं. खरंच नाय दुखत." आणि ते खरंच होतं.

ती जखम भरली नाही. पाणी ओसरलं, चाळीतला गाळ निघाला, भिंतींना पुन्हा चुना लागला, रिक्षाही गॅरेजमधून चालती होऊन आली. जखम तशीच. काकू रोज ड्रेसिंग करत. काका पाय लांब करून पेपर वाचत बसत. दिवाळीच्या आसपास करंगळी काळी पडली. ती काढली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गुडघ्याखालून पाय.

मी भेटायला गेले तेव्हा वॉर्डात पंखा फिरत होता आणि काका जागे होते. चादर एका बाजूला सपाट पडलेली. कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून मी पंख्याकडे बघत होते.

"काय काका?"

"निवांत." मग म्हणाले, "ताई, गंमत सांगू? पाय होता तवा काय कळत नव्हतं. आता नाय, तर दुखतो. अंगठा दुखतो, बोटं दुखतात."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"सांगितलं. गोळी देतो म्हणाले. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे दोन दिवस." ते चादरीच्या सपाट जागेकडे बघत होते. "लई दिवसांनी भेटला."

मी मोसंबी आणली होती. ती लॉकरवर ठेवली आणि निघाले. जिन्यात थांबून रडावं असं काहीतरी वाटेल, अशी मी वाट बघत होते. तसं काही वाटलं नाही. खाली येऊन मी रस्ता ओलांडला, कोपऱ्यावर मनूसाठी वह्या घेतल्या.

त्यानंतर काका स्टँडवर खुर्चीवर बसायला लागले. प्लास्टिकची खुर्ची, शेजारी कुबड्या. जयपूर फूट बसवला होता, पण दुसऱ्या पायालाही जमीन कळत नव्हती. त्यामुळे उभं राहणं अवघड जायचं. लाइन ते बसूनच लावत. मुलीला अंबरनाथला नोकरी लागली, तिचं लग्न ठरलं, तेही त्यांनी खुर्चीवरूनच सगळ्यांना सांगितलं. मनू आता मोठी झाली होती, सायकलने शाळेत जायची. स्टँडवरून जाताना घंटी वाजवायची. काका हात वर करायचे. अशी दोनेक वर्षं गेली असतील. आम्हाला त्या खुर्चीची सवय झाली. ती तिथे होती हे आम्ही बघतही नव्हतो.

गेले त्या दुपारी ते नेहमीसारखे बसले होते. रिक्षावाल्यांनी नंतर सांगितलं, त्यांना फार घाम आला होता. शर्ट पाठीला चिकटला होता. एकाने विचारलं, "काका, छातीत दुखतंय का?" ते म्हणाले, "नाय रे. जरा पित्त झालंय." सोडा मागवून प्यायले. एक फेरी भरून दिली. मग म्हणाले, "मला घरी सोड." त्यांच्याच रिक्षात, मागच्या सीटवर बसून ते घरी गेले. काकूंनी आधार देऊन आत आणलं, पलंगावर निजवलं, पाणी आणायला वळल्या. पाणी घेऊन आल्या तेव्हा काका गेले होते.

जवळच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, हार्ट अटॅक, बहुतेक सकाळपासूनच चालू असणार. छातीत दुखल्याचं काही बोलले नव्हते का, असं त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, नाही. डॉक्टरांनी मान हलवली. शुगरच्या माणसांना कधी कधी तेही कळत नाही, असं सांगितलं.

मी संध्याकाळी गेले. चाळीसमोर माणसं जमली होती. रिक्षा सगळ्या एका बाजूला लावल्या होत्या. आपल्याकडे अशा वेळी जे बोलतात ते चाललं होतं. त्रास झाला नाही, हे चांगलं झालं. झोपेत गेल्यासारखे गेले. एक म्हातारी काकूंच्या शेजारी बसून पुन्हा पुन्हा हेच म्हणत होती, "काय सुद्धा त्रास नाय झाला बघ त्याला." काकू ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "त्यांना कशाचाच होत नव्हता."

मुलगी सासरहून आली. तिने वडिलांच्या कपाळावर हात ठेवला आणि ती मोठ्याने रडली. तिच्याबरोबर बाकीच्या बायका रडल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. मला रडू येत नव्हतं. घरी कुकर लावायचा राहिला आहे, एवढंच डोक्यात येत होतं आणि जात होतं.

विहारातले भंतेजी यायच्या आधी आंघोळ घालायची होती. बाहेर स्टोव्हवर पाण्याचं पातेलं ठेवलं होतं. पुरुषांनी काकांना पाटावर घेतलं, एकाने धरलं. दुसरा गरम पाण्याची बादली घेऊन आला. पाय गेल्यापासून काकांच्या आंघोळीचं पाणी काकू आधी स्वतः बघायच्या. किती कढत आहे ते काकांना कळत नसे, उरलेला पाय भाजला असता.

बादली खाली ठेवल्याचा आवाज आला तशा काकू उठल्या. बायकांमधून वाट काढत गेल्या. बाही वर सरकवली, कोपरापर्यंत हात बादलीत घातला आणि काढून घेतला.

"फार कडक आहे," त्या म्हणाल्या. "थोडं गार घाला."

रिक्षा चालवणारा तो मुलगा पिंपाकडे गेला, तांब्या भरून आणला आणि बादलीत ओतला. काकूंनी हात पुन्हा घातला, पाणी ढवळलं, थोडा वेळ हात आत तसाच ठेवला.

"अजून एक," त्या म्हणाल्या.